वाटीतली गोळी

शिवकांताच्या मेसवर सकाळी साडेसहाला गेलात तर तुम्हाला 'बसा' म्हणायला कुणी येणार नाही. वेळ कुणाला आहे? लातूरच्या क्लासवाल्या भागातल्या त्या गल्लीत बेचाळीस पोरी तिच्या पोळीभाजीवर डॉक्टर व्हायला निघालेल्या. कुणाचा साडेसातला तास, कुणाची आठला टेस्ट. एका शेगडीवर तवा, दुसरीवर सुसल्याचं, म्हणजे चुरमुऱ्यांच्या उपम्याचं पातेलं, ओट्यावर उघडे डबे मांडलेले आणि मधोमध पदर खोचून शिवकांता. कुठल्या पोरीला वांगं चालत नाही, कोण घरच्या आठवणीनं खात नाही, सगळं तिला पाठ. आणि परत आलेला डबा नुसता हातात उचलला की सांगते, आत किती उरलंय ते. उघडावा लागत नाही. अशी ही बाई, पण तिची स्वतःची एकुलती एक पोरगी जूनपासून जेवत नव्हती. आता बोला!

पोरीचं नाव नीलांबिका. वय नऊ. सगळ्यांची नीलू. आळशी म्हणाल तर नाही, ढ तर मुळीच नाही. पण एक पान लिहायला बसली की दुसऱ्या ओळीला भिंतीवर पाल दिसायची, तिसऱ्या ओळीला तहान लागायची आणि चौथ्या ओळीच्या आत ती गच्चीवर पोचलेली असायची. वर्षात अकरा पाण्याच्या बाटल्या हरवल्या. मार खाल्ला तेव्हा रडली, आणि रडता रडता मधेच थांबून म्हणाली, "आई, तुझी बांगडी फुटली बघ." अशा पोरीला मारायचं तरी कसं?

आणि गाणी! डबे भरताना ओट्याखाली बसून एकेका डब्याचं गाणं रचायची. "पुनमताईचा डबा निळा, कारलं बघून सुकला गळा." "नाजियाच्या डब्याला झाकण न्हाई, वरण म्हणतं मी थांबत न्हाई." पोरी हसून हसून बेजार. परीक्षेच्या धाकानं वाळलेल्या त्या पोरी सकाळी दहा मिनिटं हसायच्या ते नीलूमुळे.

सल्ले देणाऱ्यांना काय तोटा? शाळेतल्या बाईंनी डायरीत लाल शाईनं लिहिलं, 'पालकांनी लक्ष द्यावे.' उदगीरची आजी पार्वतम्मा सकाळ-संध्याकाळ नातीच्या कपाळाला विभूती लावी आणि हात धरून "सुम्न कूड, सुम्न कूड" म्हणत तिला गप्प बसवी. आजीचा हात सुटला की नीलू पसार. शेजारीण म्हणाली, ब्राह्मीचं तेल लावा. लावलं. उशी तेलकट झाली, बाकी काही नाही.

मग गेल्या डिसेंबरात औसा रोडला लग्नाच्या वरातीतला घोडा दिसला आणि नीलू आईचा हात सोडून थेट रस्त्यात. ट्रकवाल्यानं ब्रेक मारला तो कर्रकन आवाज शिवकांताच्या कानातून महिनाभर गेला नाही. ट्रकवाला खाली उतरून तिलाच शिव्या देऊन गेला. तिनं ऐकून घेतल्या. त्या रात्री ती नवऱ्याला म्हणाली, "अवो, आता मोठ्या डॉक्टरला दाखवू. मला न्हाई जमत."

नवरा शिवमूर्ती एसटीत कंडक्टर, लातूर-नांदेड गाडीवर. तसे डोक्याचे डॉक्टर लातुरात काय कमी आहेत? पण त्यांच्या दारावरची पाटी कोण वाचत नाही? मेसवालीची पोरगी तिथं दिसली की दुपारपर्यंत गल्लीभर होणार. म्हणून नांदेड. अहमदपूर, लोहा करत शिवमूर्तीच्याच गाडीनं मायलेकी गेल्या. वाटेत नीलूनं अर्ध्या गाडीची नावं-गावं विचारून घेतली.

नांदेडच्या डॉक्टर मॅडमनी तासभर पोरीशी खेळून पाहिलं, शाळेतल्या वह्या बघितल्या, शंभर प्रश्न विचारले आणि म्हणाल्या, "एडीएचडी आहे. ही मुद्दाम करत नाही. हिच्या डोक्याला ब्रेक उशिरा लागतो, एवढंच समजा." शिवकांताला तिथंच रडू फुटलं. मुद्दाम करत नाही, हे एवढ्या वर्षांत कुणी पहिल्यांदा म्हणालं होतं. मग मॅडमनी घरी काय काय करायचं ते शिकवलं आणि गोळीचंही सांगितलं. गोळीनं बऱ्याच मुलांना फायदा होतो. भूक कमी होते, कुणाची झोप कमी होते, वजनावर लक्ष ठेवावं लागतं. घ्यायची की नाही ते तुम्ही दोघं ठरवा.

आम्ही ठरवायचं? बाहेर पडल्यावर शिवमूर्ती भडकलाच. "आम्ही ठरवायचं तर ह्या कशाला शिकल्या एवढ्या?"

ठरवायला त्यांना पाच महिने लागले. शिवमूर्ती गाडी डेपोत लागली की मोबाईलवर व्हिडिओ बघायचा. एकात एक माणूस सांगायचा ही गोळी म्हणजे विष, दुसऱ्यात एक बाई सांगायची माझं लेकरू गोळीनं वाचलं. दोघंही तेवढ्याच खात्रीनं. कुणाचं खरं मानायचं? घरी शिकवलेलं करायला मॅडमनी सांगितलं होतं, पण त्याला आईनं दिवसातून दोन तास शांतपणे पोरीजवळ बसायला हवं, आणि शिवकांताच्या दिवसात शांत तास नावाची गोष्टच नव्हती. शेवटी मे महिन्यात शाळेनं बोलावून सांगितलं, असंच चाललं तर पुढच्या वर्षी दुसरी शाळा बघा. जूनमध्ये गोळी सुरू झाली. दहा मिलिग्रॅमची.

पहिल्याच दिवशी नीलूनं एक अख्खं पान लिहिलं. एका बैठकीत. शिवकांतानं ते पान पिठाच्या हातानं धरलं आणि ओट्याला टेकून रडली. पण दुपारचा डबा शाळेतून जसाच्या तसा परत आला. दुसऱ्या दिवशीही. धपाटे आणि दही म्हणजे पोरीचा जीव की प्राण, तेही कोपरा मोडून ठेवून द्यायची. "भूकच न्हाई आई." जुलैअखेर दोन किलो वजन उतरलं. गाणी बंद झाली. ओट्याखाली बसायची, पण नुसती बसायची. मॅडमना फोन केला तर म्हणाल्या सकाळी आधी पोटभर खाऊ घाला, रविवारी गोळीला सुट्टी द्या, अजून महिनाभर बघू. शिवमूर्ती म्हणाला, "शाळेला पाहिजे तशी पोरगी झाली बघ. आपली कुठं गेली?"

बेचाळीस पोरींना जेवू घालायचं आणि पोटची पोर समोर वाळताना बघायची. कुणाला सांगणार? सांगायची सोयच नव्हती. कारण पुनमनं एकदा विचारलं होतं, "काकू, नीलू रोज कसली गोळी घेते?" पुनम जवळच्याच मुरुडची, दुसऱ्यांदा परीक्षेला बसलेली, नाश्त्याला रोज नीलूशेजारी पायरीवर बसणारी. शिवकांताच्या हातात उलथनं होतं, तव्यावर पोळी होती. ती पटकन म्हणून गेली, "अभ्यासाची हाय गं. लक्ष लागायची." दुसऱ्या गावात याच्यावर चार प्रश्न आले असते. लातुरात अभ्यासाची म्हटलं की विषय संपला. आपण किती सफाईनं सुटलो, असं तिला वाटलं.

आणि गोळी द्यायची पद्धत कशी, तर मेसची. सकाळच्या घाईत ती चटणीची एक छोटी स्टीलची वाटी घ्यायची, त्यात गोळी टाकायची, वाटी दुधाच्या पेल्याशेजारी सरकवायची आणि पुन्हा तव्याकडे वळायची. वाढलं की आपलं काम झालं. थोड्या वेळानं वाटी रिकामी दिसायची. तिच्या मेसमध्ये वाटी रिकामी म्हणजे खाल्लं.

ऑगस्टच्या मध्याला चमत्कार झाला. नीलू जेवायला लागली! एक धपाटा, मग दोन, मग "आई, दही संपलं." वजन भरलं. गाणी परत आली. शिवकांता हरखून गेली. गोळी अंगाला मानवली म्हणायची! तिनं दोन महिने जीव मुठीत धरून वाट बघितली होती, तिचं चीज झालं. फक्त एकच झालं, शाळेची तक्रारही परत आली. वर्गातून उठून जाते, वही कोरी. सप्टेंबरात बाईंनी पुन्हा लाल शाई काढली.

नांदेडला मॅडमनी विचारलं, "जेवण ठीक, आणि लक्ष मात्र नाही. गोळी रोज घेते ना?"

"रोज. मी स्वतः वाटीत काढून ठेवते," शिवकांता म्हणाली.

मॅडमनी वीसची लिहून दिली, हळूहळू विरघळणारी. ती गोळी वाटेल त्या दुकानात मिळत नाही. मूळ चिठ्ठी दाखवायची, दुकानदार तिच्यावर शिक्का मारणार, तेव्हा महिन्याच्या मोजून गोळ्या. परतीच्या गाडीत शिवमूर्ती तिकिटं फाडता फाडता दर स्टॉपला येऊन भांडत होता. लोह्याला म्हणाला, "डबल करायची म्हणजे काय खेळ हाय का?" अहमदपूरला म्हणाला, "मला न्हाई पटत." शिवकांतानं शेवटी त्याला गप्प केलं. "अवो, पोट भरून खाऊलाली की आता! वजन वाढलंय. गाणी म्हणूलाली. तरास असता तर दिसला नसता का?" पोरगी समोरच्या सीटवर चिवडा खात होती.

ऑक्टोबरातल्या एका रविवारी पुनमची मोठी टेस्ट होती. सकाळी तिनं सुसला नको म्हटलं, नुसता चहा घेतला. पावणेआठला पायरीवरून उठली, दोन पावलं चालली आणि छातीवर हात ठेवून खाली बसली. ओठ पांढरे, हात थरथरत होते. "काकू, छातीत लई धडधडतंय." आणि मान टाकली.

शिवकांतानं गॅस बंद केला का, तिला आठवत नाही. नाजिया आणि ती दोघींनी पुनमला रिक्षात घातलं. जवळच्या दवाखान्यात छातीला ईसीजीच्या पट्ट्या लावल्या, सलाईन लावलं. ती शुद्धीवर येताच तिथल्या डॉक्टरनं दरडावून विचारलं, "काय घेतलंस? खरं सांग." पुनमनं शिवकांताकडे बघितलं. अगदी हळू म्हणाली, "अभ्यासाची गोळी. दोन."

शिवकांता खाटेजवळ सरकली. "कुठून आणलीस गं?"

"नीलू देते की, काकू. रोज एक. रक्षाबंधनापासून. काल-परवाच्या दोन मी आजसाठी ठेवल्या होत्या. तुम्हीच म्हणाला होतात ना, लक्ष लागायची हाय म्हणून."

हिशेब लागायला वेळ लागला नाही. ऑगस्टच्या मध्याला भूक आली, गाणी आली. गोळी मानवली नव्हती. गोळी पोटात गेलीच नव्हती. आणि त्या भरल्या पोटाचा दाखला देऊन तिनं डॉक्टरकडून गोळी वाढवून आणली, नवऱ्याचं तोंड बंद केलं, आणि ती वाढवलेली गोळी दुसऱ्याच्या लेकीच्या काळजात जाऊन बसली. दुनियेचे डबे हातानं जोखणारी बाई! घरची एक वाटी तिला कळली नाही.

नीलू रिक्षामागं पळत दवाखान्यापर्यंत आली होती. अनवाणी. शिवकांतानं तिला दंडाला धरून बाजूला घेतलं, हात उगारला आणि तसाच खाली आणला.

"का दिलीस?"

"ती रडत होती आई. म्हणली, वाचते पण डोक्यात राहत न्हाई. माझ्यासारखंच." नीलू हुंदके देत होती. "मग मी म्हणलं, माझी घे. मला ती खाल्ली की गाणं येत न्हाई, आणि तुला पास व्हायचंय. तिनं लुबाडली न्हाई. मी दिली."

तासाभरात पुनमचे वडील हणमंतराव मुरुडहून आले. धोतर-टोपीतला शांत माणूस. आल्या आल्या लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला. धोका टळला आहे, संध्याकाळी सोडू, असं डॉक्टरनं सांगितल्यावर खुर्चीत बसले आणि शिवकांताकडे वळले. दारात नाजिया आणि अजून पाचसहा पोरी उभ्या होत्या. आता लपवायचं काय आणि कुणासाठी?

"भाऊ, चूक माझी," ती म्हणाली. "ती अभ्यासाची गोळी न्हाई. माझ्या पोरीला डोक्याचा तरास हाय, तिचं चित्त एका जागी राहत न्हाई, नांदेडच्या मेंदूच्या डॉक्टरची गोळी हाय ती. लोक नावं ठेवतील म्हणून मी खोटं बोलले."

नऊ महिने दाबून ठेवलेलं चार वाक्यांत बाहेर पडलं होतं. आता हणमंतराव ओरडतील, पोलिसात जातो म्हणतील, म्हणू देत, अशी तिनं मनाची तयारी केली.

हणमंतरावांनी टोपी काढून हातात घेतली. मग खुर्ची जवळ ओढून, पोरींना ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाले, "ताई, एक इचारू का? रागावू नका. मागच्या तीन टेस्टला पोरीचे मार्क वाढले होते. आम्ही घरी पेढे वाटले. ते ह्या गोळीनं का?"

"मला काय ठावं, भाऊ."

"न्हाई, म्हणजे असं, दोन खाल्ल्या म्हणून झालं हे. एकच, डॉक्टरला इचारून, नीट दिली तर?" त्यांनी खिशातून मोबाईल काढला. "हे शेवटचं वर्ष हाय तिचं. त्या म्याडमचा नंबर द्याल का?"

शिवकांतानं त्यांच्या तोंडाकडे बघितलं. तिला राग यायला हवा होता. आला नाही. नांदेडच्या दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना तिचं तोंडही असंच दिसलं असणार. "त्या असं कुणालाही देत न्हाईत, भाऊ," एवढंच म्हणाली, आणि नंबर दिला नाही.

शिवमूर्ती संध्याकाळी खाकी कपड्यातच घरी आला. सगळं ऐकलं आणि जमिनीवर बसला. 'मी सांगत होतो' असं तो म्हणेल म्हणून ती वाट बघत होती. तो म्हणाला नाही. तेच तिला जास्त लागलं.

मॅडमना फोन लावला. त्या म्हणाल्या, बरं झालं कळलं. म्हणजे गोळी पुढं मानवते की नाही, ते आपल्याला अजून माहीतच नाही. वीसची बंद, पुन्हा दहापासून. समोर उभं राहून द्या. महिन्यानं वजन घेऊन या. नकोच असेल तर तसं सांगा, पण मग शाळेचं आणि रस्त्याचं काय ते बघावं लागेल.

"तुमचं काय म्हणणं?" शिवकांतानं नवऱ्याला विचारलं.

"दोन महिने पोरगी जेवली," तो म्हणाला. "ते मी बघितलं. आन् त्या ट्रकचं पण आठवतंय. मला न्हाई कळत, शिवकांता. तू सांगशील ते."

"मी सांगायचं?" ती एवढ्या जोरात ओरडली की शेजारच्यांचा टीव्ही बारीक झाला. "सगळं मीच सांगायचं? एवढं सगळं माझ्याच सांगण्यानं झालं ना!" मग शिवमूर्तीनं फळीवरून दहाच्या उरलेल्या गोळ्यांची पट्टी काढून तिच्यासमोर ठेवली. तेवढ्यातच ठरलं.

सोमवारी मेसवर अडतीस डबे होते. तिघींच्या घरून डबा बंद करा म्हणून फोन आले होते, आणि पुनम मुरुडला गेली होती. तिचा निळा डबा फळीवर पालथा. शिवकांतानं आयुष्यात पहिल्यांदा भर घाईत दोन्ही शेगड्या बंद केल्या. वाटी घेतली नाही. दहाची गोळी तळहातावर घेऊन पोरीसमोर बसली. बाहेर पोरी ताटकळल्या, पण एकही 'काकू, उशीर होतोय' म्हणाली नाही.

नीलूनं गोळीकडे बघितलं. "आत्ताच घ्यायची?"

"हं."

"थोडं थांब. आधी मला खाऊ दे." तिनं धपाट्याचा घास मोडला. एक संपवला, दुसरा संपवला, तिसरा पाण्याबरोबर ढकलला, गाल फुगेपर्यंत. "आता गाणी म्हणू दे. मग येत न्हाईत."

आणि ती म्हणायला लागली. ओट्यावरच्या एकेका डब्याकडे बोट करत, भराभर, श्वास न घेता, कुणीतरी घंटा वाजवायच्या आत पेपर पुरा करावा तशी. नाजियाचा झाला, उज्ज्वलाचा झाला, रांगेतले सगळे झाले. फळीवरच्या निळ्या डब्याचंही म्हटलं. कुणी हसलं नाही. शिवकांता तळहात पुढं करून बसली होती, घामानं गोळी ओली झाली होती.

"झालं," नीलू म्हणाली. "आण."

तिनं स्वतःच तोंड उघडलं. गिळली. मग कुणी न सांगता जीभ वर करून दाखवली, उजवा गाल ओढून दाखवला, डावा गाल ओढून दाखवला. "बघ. न्हाई ना कुठं?"

"न्हाई गं माझी बाय," शिवकांता म्हणाली आणि तिला उराशी धरलं.

दुपारी दोनला शाळेची रिक्षा आली. नीलू दप्तर पाठीला, बाटली गळ्यात, सगळं जागच्या जागी घेऊन उतरली. आईच्या हातात डबा दिला आणि वही उघडून दाखवली. तीन पानं, सुंदर अक्षरात. शिवकांता "शाब्बास" म्हणाली. डबा तिच्या हातात होता. सकाळी भरला तेवढाच जड होता.